नवा कॅमेरा घ्यावा का?





मागच्या महिन्यात ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, "संतोष धरायचा म्हणजे नवीन काही घ्यायचंच नाही का?" त्यावर बरेच नमस्कार आणि फुलं आली, उत्तर मात्र कोणी दिलं नाही. आम्हालाही तेव्हा सुचलं नाही. पण त्याच दिवसांत आमच्या घरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात येऊन बसला होता. काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. आपल्याही घरी उपयोगी पडेल.

आमच्याकडे बाबांचा एक छोटा कॅमेरा आहे. कॅननचा पॉवरशॉट एस-९५, दहा मेगापिक्सेलचा, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. बाबांनी तो २०११ साली रिटायर झाल्यावर घेतला. मुंज असो, गुरुपौर्णिमा असो, बाबा कॅमेरा घेऊन उभे. इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्येसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन जायचे. २०२३ मध्ये बाबा गेले. फ्रेमसाठी फोटो शोधायला बसलो, तर अकरा हजार फोटोंत बाबा स्वतः मोजून सदतीस! कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. त्यातला एक निवडून आठ बाय बाराचा करून घेतला आणि भिंतीवर लावला.

यंदा दिवाळीच्या आधी चिरंजीवांनी विषय काढला. फुजीफिल्मचा एक्स-१०० मालिकेतला नवा कॅमेरा, २०२४ साली आलेला, चाळीस मेगापिक्सेलचा. किंमत लाखाच्या बरीच वर. आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे राहिलंय, तेही करायचं होतं. आम्ही लगेच म्हटलं, "आहे तो चालतोय ना? समाधान नावाची काही गोष्ट असते."

त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आई, चौदा वर्षं एकच कॅमेरा वापरणं म्हणजे समाधानच असेल असं नाही. नुसती सवयही असू शकते."

खरं सांगतो, राग आला. पण रात्री विचार केल्यावर वाटलं, चुकीचं काय बोलला? तो लोभात पडला असेल असं आम्ही धरून चाललो. आपण मोहात असू, हे मनातही आलं नाही.

*आधी त्याची बाजू तपासली*

चाळीस म्हणजे दहाच्या चौपट, म्हणून फोटो चौपट स्पष्ट होईल असं वाटतं. तसं नसतं. फोटोची लांबी आणि रुंदी, दोन्हीकडे ठिपके दुप्पट होतात, तेव्हा एकूण चौपट भरतात. शिवाय आपण फोटो पाहतो कुठे? चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटला साधारण दोन मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय बाराला पावणेनऊच्या आत. मोठा फोर-के टीव्हीसुद्धा एका वेळी जेमतेम सव्वाआठ मेगापिक्सेलच दाखवतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा टाकला की फोटो आणखी लहान होऊन जातो. बाबांचा भिंतीवरचा फोटो दहा मेगापिक्सेलचाच आहे. दर्शनाला आलेल्या एकानेही "फोटो जरा अस्पष्ट आहे" असं म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला नवीन होती. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला उजेड टिपणारा तुकडा. तो लहानच ठेवून मेगापिक्सेल वाढवत गेलं, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि अंधारातला फोटो दाणेदार दिसायला लागतो. कॅनननेच २००८ साली जी-१० हा कॅमेरा १४.७ मेगापिक्सेलचा काढला आणि पुढच्याच वर्षी जी-११ आणला तो दहा मेगापिक्सेलचा! बाजारात सगळे आकडा वाढवत असताना एका कंपनीने आकडा खाली आणला. आपल्याला घरात हे जमतं का, असं तेव्हा वाटून गेलं.

तर चाळीस या आकड्यात मुलाची ओढ होती, गरज दिसत नव्हती. हे त्यानेही मान्य केलं. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा आहे, हा त्याचा मुद्दा मात्र खरा होता. तो आम्ही लिहून ठेवला.

*मग आपली बाजू तपासली*

हे जड गेलं. आम्हाला तो कॅमेरा का सोडवत नव्हता? फोटो चांगले येतात म्हणून? नाही. त्याच्या पट्ट्याला अजून बाबांच्या हाताचा स्पर्श आहे असं वाटतं म्हणून. याला आम्ही समाधान म्हणत होतो, आणि वरून मुलाला उपदेश करत होतो.

आमच्या घरी कार्तिकात महिनाभर पहाटे काकड आरती असते. देवघरात फक्त निरांजन आणि समई, बाकी दिवे बंद. तेव्हा ठरवलं, महिनाभर जुनाच कॅमेरा वापरायचा, आणि जो फोटो हवा होता पण आला नाही, तो वहीत लिहायचा. कोणाचा, कधी, का आला नाही. "नवा असता तर बरं झालं असतं" असं मोघम काही लिहायचं नाही.

पहिल्या आठवड्यात वही भरभरून वाहिली. मग एकेक नोंद खोडली गेली. फोटो हलतो, असं सहादा लिहिलं होतं. कॅमेरा पाटावर ठेवून दोन सेकंदांच्या टायमरवर काढला, तर स्वच्छ आला. दोष आमच्या हाताचा होता. त्यात गंमत अशी की मेगापिक्सेल जास्त असते तर फोटो मोठा करून पाहताना हाताचं थरथरणं अजूनच उघडं पडलं असतं. दोनदा लेन्सवर बोटाचा डाग होता. एकदा बॅटरीच चार्ज केली नव्हती.

महिना संपला तेव्हा वहीत एकच गोष्ट उरली, पण ती रोजची होती. आजीचा आरती करतानाचा फोटो येत नाही. आजी आता शहाऐंशीची आहे, हात कापतो. समईच्या उजेडात आपला कॅमेरा शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवतो, तेवढ्यात तिचा हात हलून जातो. कॅमेरा पाटावर ठेवून उपयोग नाही, कारण हलतेय ती आजी. फ्लॅश मारला तर तिचे डोळे दिपतात आणि समईचा उजेड मरतो.

म्हणजे आम्हाला मेगापिक्सेल नकोच होते, आम्हाला उजेड हवा होता. महिनाभर वही लिहिली नसती, तर लाखभर रुपये देऊन भलतंच काहीतरी मागून आलो असतो, किंवा काहीच न घेता "आम्ही किती समाधानी" म्हणत बसलो असतो.

तरीही आमचा पाय निघेना. शेवटी आजीलाच विचारलं. तिने कॅमेरा हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "त्यांचा आहे म्हणून ठेवायचा असेल, तर कपाटात नीट जपून ठेवा. फोटो काढायचे असतील, तर ज्याने निघतात तो आणा. अरे, तुझे आजोबा काय या डबीचे फोटो काढत होते? माणसांचे काढत होते ना?"

यापुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

फुजीचा कॅमेरा घेतला नाही. सोनीचा खिशात मावणारा, वीस मेगापिक्सेलचा, एक इंची म्हणतात तसा सेन्सर असलेला, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला घेतला. "एक इंची" हे नुसतं नाव. प्रत्यक्षात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, पण बाबांच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या अडीचपटीहून मोठा. काय हवंय ते वहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे दुकानात दहा मिनिटांत काम झालं. उरलेल्या पैशांत गच्चीचं काम सुरू केलंय.

आजीचा फोटो आला का? आला. हात अजून किंचित हललेला दिसतो, पण चेहरा स्वच्छ आहे. त्या हलण्याचंही आता काही वाटत नाही, तिचा हात तसाच आहे. आणि एक नियम केलाय: दर सणाला कॅमेरा वेगळ्या माणसाच्या हातात. पुन्हा कोणी अकरा हजारांत सदतीस व्हायला नको.

आपल्या इंदूरलाच १८७० च्या दशकात लाला दीनदयाळ बांधकाम खात्यातली नोकरी करता करता फोटो काढायला शिकले. पुढे ते हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले. तेव्हा काचेच्या जड प्लेटा, एका फोटोला एक प्लेट. काय टिपायचंय ते आधी पक्कं करावंच लागायचं. आज बटण दाबायला पैसे पडत नाहीत, म्हणून तो विचार आपल्याला मुद्दाम करावा लागतो.

ताई, आम्हाला सापडलेलं उत्तर एवढंच. घेतल्याने कोणी लोभी होत नाही आणि न घेतल्याने कोणी विरक्त होत नाही. जुन्याने नेमकं काय अडतंय ते सांगता आलं पाहिजे, आणि जुनं का सोडवत नाही तेही. दोन्ही उत्तरं खरी असली की निर्णय आपोआप होतो.

*या आठवड्यासाठी:* घरात जे बदलायचं चाललंय, मोबाइल, मिक्सर, गाडी काहीही, त्याची एक महिन्याची वही सुरू करा. घरातल्या सगळ्यांनी लिहायची. ज्येष्ठांचं मत शेवटी विचारू नका, आधी विचारा. आम्ही ती चूक केली.

जय गुरुदेव 🙏

— इंदूरहून, आपलंच एक कुटुंब