चिकाटीचे कौतुक पुरे

कॅटलिन कारिको यांची गोष्ट सांगणे सोपे आहे. हंगेरीतल्या खाटकाची मुलगी, लहानपणी घरात नळ नव्हता. १९८५ मध्ये सेगेदच्या संशोधन केंद्रातला त्यांचा निधी आटला, तेव्हा मोटार विकून आलेले पैसे लहानग्या मुलीच्या टेडी अस्वलात शिवून हे कुटुंब फिलाडेल्फियाला आले. पुढे अपमान, अपयश आणि २०२३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल. व्यासपीठावरून हे ऐकवायचे, मुलांना ‘चिकाटी ठेवा’ म्हणायचे आणि घरी जायचे. माझा या सांगण्यालाच विरोध आहे. त्यात सोसणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो आणि सोसायला लावणारी व्यवस्था अलगद सुटते.

घडले काय ते नीट पाहू. अमुक प्रथिन बनव, हा निरोप पेशीत आरएनए पोचवतो. तो निरोप आपणच लिहून धाडला तर शरीर स्वतःच औषध तयार करील, ही कारिको यांची धारणा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्या वर्षानुवर्षे अनुदानासाठी अर्ज करत राहिल्या आणि ते नामंजूर होत राहिले. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले. धारणा खोटी ठरली म्हणून नव्हे, ती पैसा आणत नव्हती म्हणून.

नंतर फोटोकॉपीच्या यंत्रापाशी ड्रू वाइसमन यांची गाठ पडली. ते प्रतिकारशक्तीचे अभ्यासक, एचआयव्हीवरच्या लशीच्या शोधात होते. प्रयोगशाळेत बनवलेला आरएनए दोघांनी प्रतिकारपेशींना दिला, तर त्या खवळल्या. परका समजून त्यांनी दाह सुरू केला. मग शरीरातला स्वतःचा आरएनए त्यांना का खुपत नाही? शरीरातलाच ट्रान्सफर आरएनए दिला तेव्हा पेशी शांतच राहिल्या. त्याच्या घटकांत शरीर बारीक रासायनिक फेरफार करते, हे ठाऊक होते. तोच धागा धरून त्यांनी युरिडिन या घटकाच्या जागी त्याचेच बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, घातले आणि दाह थांबला. पुढे दिसले, की असा आरएनए प्रथिनही अधिक बनवतो. दाह थांबवण्याचा शोधनिबंध २००५ मध्ये ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात छापून आला, पण फारसे कोणी वळून पाहिले नाही. २०२० च्या डिसेंबरात कोरोनावरच्या ज्या दोन आरएनए लशींना अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली, त्या दोन्हींचा पाया हाच शोध होता.

यात कारिकोंची जिद्द आहेच. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या एका तरुण डॉक्टरने आपल्या विभागात शब्द टाकून त्यांना जागा मिळवून दिली नसती, वाइसमन यांनी प्रयोगशाळेचे दार उघडले नसते, तर? ज्यांना असे कोणी भेटलेच नाही, त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत. उपेक्षेने प्रतिभा उजळते हा समज क्रूर आहे. उपेक्षेने बहुतेक माणसे संपतात.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या आरएनए लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे हे विज्ञान आता आपल्या दारी आले आहे. पण संशोधकाशी आपण वागतो कसे? बढतीसाठी शोधनिबंध मोजण्याची पद्धत आपण रुजवली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. दुसरीकडे, ‘बार्टी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईत आंदोलन करावे लागले. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पीएचडीपर्यंत पोचले, त्यांना आपण प्रयोगशाळेतून मैदानात आणून बसवले. त्यांना चिकाटीचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

निवड समितीने निबंधांची संख्या विचारण्याआधी त्यांतला एक तरी निबंध वाचावा. अधिछात्रवृत्ती पगारासारखी ठरल्या तारखेला हाती पडावी. ती कृपा नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला आहे. बाळंतपणात किंवा घरच्या आजारपणात गेलेली वर्षे वयाच्या अटीतून वगळावीत. दोनदा अनुदान नाकारले गेले तरी प्रश्न जिवंत असेल, तर तो विचारणाऱ्याची खुर्ची विद्यापीठाने काढून घेऊ नये. आणि संशोधन करणाऱ्या मुलीला ‘अजून किती वर्षे?’ म्हणणाऱ्या आईवडिलांनी, सासूसासऱ्यांनी, ती नेमके काय शोधते आहे हे एकदा तिच्याकडून ऐकावे.