विश्रांतीचे मोल कोणी द्यावे?

नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरकडील पुष्कळ कुटुंबे व तरुणांची मंडळे घाट उतरून कोकणात जातात. मालवण, तारकर्ली, कुणकेश्वर, गणपतीपुळे अशा ठिकाणी समुद्राच्या जवळ तंबू ठोकून दोनतीन रात्री राहण्याची चाल अलीकडे बरीच वाढली आहे. ह्यात निंद्य असे काही नाही. जो मनुष्य वर्षभर उसाच्या फडात, कारखान्यात किंवा शाळेत राबतो, त्याने चार दिवस मोकळी हवा घ्यावी व त्याच्या मुलांनी वाळूत खेळावे, हे योग्यच आहे. परंतु जाण्याविषयी आपण जितका विचार करतो, तितका परत येण्याविषयी करीत नाही. आमच्या मते तर सुट्टी चांगली घालविली की नाही, ह्याची परीक्षा परतीच्या वाटेवरच होते.

बहुधा असे घडते. शेवटच्या दिवशी पहाटे उठून तंबू सोडावयाचे व सामान बांधावयाचे. पण "आणखी एकदा पाण्यात जाऊन येऊ" असे मुले म्हणतात आणि वडील माणसांनाही ते हवेच असते. मग दुपारचे माशांचे जेवण होते. निघावयाचे ते सरळ घाटाच्या रस्त्याने नव्हे, तर किनाऱ्याकिनाऱ्याने. मालवणाहून आचरा, तेथून कुणकेश्वर, तेथून देवगड. प्रत्येक खाडीच्या पुलावर गाडी थांबते, प्रत्येक चढावरून समुद्र पुन्हा दिसतो, आणि "एवढा सूर्यास्त पाहून जाऊ" असे ठरते. सूर्य बुडाल्यावर घराची आठवण होते. फोंडा घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत काळोख दाट होतो. गाणी थांबतात, मुले आईच्या मांडीवर झोपतात, मागून घोरण्याचा आवाज येऊ लागतो. गाडीत एकच मनुष्य जागा असतो. तो पहाटेपासून जागा आहे. तंबू त्यानेही सोडले, सामान त्यानेच टपावर चढविले. मागील दोन रात्री त्याला तंबूत जागा नव्हती म्हणून तो गाडीतच अंग मुडपून निजला होता. तो भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर असेल किंवा घरच्याच गाडीवर बसलेला धाकटा भाऊ असेल. आता समुद्रसपाटीजवळून सुमारे सहाशे मीटर उंचीपर्यंतचा वळणावळणांचा घाट त्याला एकट्याला चढावयाचा आहे.

येथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. आपण विसावा घेतला, आपला थकवा गेला, असे आपण म्हणतो. तो थकवा खरोखर नाहीसा झाला, की दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर जाऊन बसला? ज्याच्या श्रमाने दहा जणांना विसावा मिळाला, त्याचा स्वतःचा विसावा जर त्या दहा जणांनी खाऊन टाकला, तर त्या विसाव्याला काय नाव द्यावे?

कोणी म्हणेल, "आम्ही त्याला भाडे देतो, भत्ता देतो, फुकट तर नेत नाही." हे खरे आहे, परंतु पैशाने श्रम विकत घेता येतात, झोप विकत घेता येत नाही. शंभर रुपये जास्त दिल्याने मिटत चाललेली पापणी उघडी राहत नाही. हे ओळखूनच १९६१ साली आपल्या संसदेने मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठी कायदा केला. त्यात कामाचे तास सामान्यतः दिवसाला ८ व आठवड्याला ४८ ठरविले होते, आणि सलग ५ तास काम झाल्यावर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असे सांगितले होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू केलेला होता. आपल्या गावात ज्याची एकच गाडी आहे व तिच्यावर एकच मनुष्य आहे, त्याची दाद त्या कायद्याने घेतली नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे मनुष्याच्या विवेकबुद्धीनेच पोहोचले पाहिजे. नाहीतर ती असून काय उपयोग?

दुसरा कोणी म्हणेल, "आम्ही त्याला विचारले होते. तोच म्हणाला, मला सवय आहे, काही होत नाही." वाचकहो, ह्या उत्तराचे मोल ओळखावे. पोटासाठी राबणारा मनुष्य भाडे देणाऱ्यासमोर "मी थकलो" असे सहसा म्हणत नाही. म्हटले, तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील, हे त्याला ठाऊक असते. शिवाय सकाळी गाडी मालकाच्या दारात उभी पाहिजे, ही काळजी निराळीच. त्यातही झोप ही अशी वस्तू आहे की जिच्या अधीन मनुष्य गेला, त्यालाच ती शेवटी कळते. सतरा ते एकोणीस तास सतत जागा राहिलेल्या मनुष्याचे हातपाय व बुद्धी मद्य घेतलेल्या मनुष्याप्रमाणे मंदावतात, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले आहे. दारू प्यालेल्याच्या गाडीत आपण आपली लेकरे बसविणार नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे बांधून ५० मीटर गाडी हाकणे होय.

तिसरा अधिक भाविक असतो. तो म्हणतो, "प्रार्थना करून निघालो आहोत, देव सांभाळील." प्रार्थना करून निघावे हे उत्तमच. परंतु रक्षण मागावयाचे, आणि रक्षणासाठी जी झोप देवाने मनुष्याला लावून दिली आहे तीच त्याच्यापासून हिरावून घ्यावयाची, ह्यात विश्वास नसून विसंगती आहे. विश्रांतीची आज्ञा आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. ती आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही; चाकर, दासी, गुरे व दारी आलेला परका ह्या सर्वांना ती नावे घेऊन मोजते. म्हणजे स्वतः विसावा घेणे एवढ्याने ती पुरी होत नाही. आपल्या विसाव्यासाठी ज्याला जुंपले, त्याचेही जू उतरले पाहिजे.

जू म्हटल्यावर आपल्या वाडवडिलांची गोष्ट आठवते. ते बैलगाडीने घाट चढत, तेव्हा पायथ्याशी गाडी सोडीत, बैलांना वैरणपाणी करीत आणि त्यांचा दम जिरल्यावर मगच चढास लागत. बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, ही रीत आपल्या भागात आजही पाळतात. हे सगळे केवळ दयेने होत असे, असे नाही. थकलेला बैल वाटेत बसतो. मग धनी कितीही घाईत असो, त्याला थांबावेच लागते. मोटार मात्र कधी बसत नाही. तिला तेल घातले की ती अहोरात्र धावण्यास तयार. त्यामुळे तिच्याबरोबर तिला हाकणारा मनुष्यही थकत नसावा, असा भ्रम आपल्याला झाला आहे. बैलाच्या अंगी जी नाही म्हणण्याची शक्ती होती, ती ह्या मनुष्याच्या अंगी नाही. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी "थांबा" असे म्हणणे अगत्याचे आहे.

शिवाय रस्ता काही आपल्या एकट्याचा नाही. घाटमाथ्यावर दाजीपूरच्या रानातून रात्री गवे रस्त्यावर येतात. पुढे राधानगरीकडून खाली उतरले की नाताळच्या सुमारास उसाचा हंगाम भरात असतो. बीडकडून आलेली ऊसतोडीची माणसे आपल्या बायकामुलांसह गाडीवर मोळ्या लादून रात्रीबेरात्री कारखान्याच्या वाटेवर असतात. त्यांच्या गाडीमागे पुष्कळदा साधा दिवाही नसतो. आपण सुट्टीहून परतत असतो, तेव्हा ते कामावर असतात. आपल्या एका तासाच्या मौजेचे मोल त्यांनी द्यावे, हे कोणत्या न्यायात बसते?

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली. पुण्याकडील एका कुटुंबातील लहानथोर माणसे तीत होती. १३ जणांचा अंत झाला. आसपासचे लोक मध्यरात्री अंधारात मदतीस धावून गेले. ही आठवण कोणावर दोष ठेवण्यासाठी आम्ही काढीत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे मान लववावी हेच बरे. परंतु त्या पुलावरून जाताना प्रत्येक घरच्या कर्त्या मनुष्याने आपल्या मनाशी एवढे म्हणावे की, सुट्टी घरच्या उंबरठ्यावर संपते, समुद्रावर संपत नाही.

ह्या सर्वाचे मूळ कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. दिवस मोजून घेतलेले, पैसे मोजून दिलेले. तेव्हा शेवटचा तासही वसूल झाला पाहिजे, अशी एक हाव मनात शिरते. समुद्र आपण विकत घेतल्यासारखे आपण त्याला पिळू पाहतो. परंतु ज्याला शेवटचा सूर्यास्त सोडवत नाही, त्याला आधीच्या तीन सूर्यास्तांनी तृप्त केले नाही असेच म्हणावे लागेल. ज्या विसाव्याने मन भरले, तो मनुष्याला वेळेवर उठून जाण्याचे बळ देतो. जेवण झाल्यावर पानावरून उठता येणे हे जसे पोट भरल्याचे लक्षण, तसेच हेही.

म्हणून मंडळीतील वडील माणसांना व शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या पुढाऱ्यांना आमच्या काही सूचना आहेत. गाडी ठरविताना भाड्याबरोबर ड्रायव्हरच्या निजण्याची जागाही ठरवावी. तंबू मोजताना त्याचे डोके मोजावे. सामान बांधण्याचे काम तरुणांनी करावे आणि त्या वेळी त्याला निजू द्यावे. किनाऱ्याच्या वाटेने यावयाचे असेल तर खुशाल यावे, ती वाट सुंदर आहे. पण मग सकाळी लवकर निघावे आणि घाट उजेडी चढावा. उशीर झालाच, तर देवगडास किंवा घाटाखाली एक रात्र वस्ती करावी. एका रात्रीचा खर्च फार नाही. परतीच्या वाटेवर एकाने तरी पुढे बसून जागे राहावे व त्याच्याशी बोलत यावे. आणि त्याने सांगण्याची वाट न पाहता, दर दोन तासांनी आपणच म्हणावे, "दादा, जरा थांबू या."

घरी पोहोचल्यावर आपण मुलांना विचारतो, "मजा आली का?" त्याबरोबर गाडीवरल्या माणसालाही विचारावे, "भाऊ, तुमची झोप झाली का?" ह्या प्रश्नाला तो मोकळ्या मनाने "होय" म्हणू शकला, तर ती सुट्टी सर्वांची झाली असे समजावे.