तुम्ही विचारलंच नाही!

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं सांगून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या नव्हत्या. असत्या, तर या म्हणीला तिसरा चरण जोडल्यावाचून ते राहिले नसते.

आमच्या शेलूबाजारातल्या घरातही नव्हत्या. पण २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा खुला झाला आणि मुंबईची फॅशन ताशी १२० किलोमीटर वेगानं वाशीम जिल्ह्यात येऊ लागली. त्यातच चिरंजीवांचं लग्न ठरलं. "सूनबाई येण्याआधी स्वयंपाकघर नवं झालं पाहिजे," असं आमच्या हिनं जाहीर केलं आणि बत्तीस वर्षं शाळेत हिशेब शिकवलेला मी कामाला लागलो.

पहिले आले ते म्हातारे मिस्त्री. त्यांनी टेप लावून सगळं मोजलं आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर भली मोठी यादी केली. बिजागऱ्या, हँडलं, नळाची जोडणी, विजेचे पॉइंट, जुना ओटा फोडून मलबा नेणारा ट्रॅक्टर, सगळं त्यात होतं. एवढंच काय, 'वाया जाणारा प्लाय' असंही एक कलम होतं. चार फुटी शीटमधून कोठीच्या कपाटाच्या अठरा इंची फळ्या दोनच निघतात, बारा इंच उरतात, म्हणजे पाव शीट गेली, असं त्यांनी मलाच समजावलं. खाली बेरीज होती, १,८५,०००.

"म्हातारा लुबाडायला बसलाय," मी हिला म्हटलं.

दुसरे मिस्त्री तरुण होते. त्यांनी टेप काढलाच नाही. नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, "एक दहा. तुमी बिनघोर राहा, गुरुजी." मी बिनघोर राहिलो. पुढचे तीन महिने हा शब्द मला रोज आठवत होता.

कारण एक दहा हा नुसत्या सांगाड्याचा भाव होता. त्यात सरकणाऱ्या जाळ्या वेगळ्या, सनमायका वेगळा, बिजागऱ्या वेगळ्या. सिंकखाली ३०३ नंबरचा साधा प्लाय लावला होता. तिथं पाणी सोसणारा ७१० नंबरचा मरीन प्लाय हवा, हे पहिल्या गळतीनंतर कळलं. दर वेळी मी कपाळाला हात लावायचा आणि मिस्त्रींनी अत्यंत नम्रपणे म्हणायचं, "गुरुजी, ते तुमी इचारलंच नाही."

शेवटी बेरीज झाली १,९६,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

मी एकटाच मूर्ख नव्हे, याला नोबेल पारितोषिकाचा आधार आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या डॅनिएल कानेमन यांनी आपल्या पुस्तकात अमेरिकेतली २००२ सालची एक पाहणी दिली आहे. तिथं स्वयंपाकघर नवं करणाऱ्यांनी सरासरी १८,६५८ डॉलर खर्च धरला होता, लागले ३८,७६९. आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या विदर्भातलं गोसीखुर्द धरण १९८३ च्या सुमारास ३७२ कोटींत व्हायचं होतं. आकडा पुढं अठरा हजार कोटींवर गेला. त्या मानानं माझ्या ट्रॉल्या फारच शिस्तीत वागल्या म्हणायच्या.

पण रात्री झोप येईना. तरुण मिस्त्री खोटं बोलला का? एकही वाक्य खोटं नव्हतं. न विचारलेलं न सांगणं हे खोटं धरायचं, तर निम्मं जग तुरुंगात जाईल. आणि मी तरी का विचारलं नाही? म्हाताऱ्यांची यादी माझ्याच खिशात होती. ती काढून एकेक कलम वाचलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. तेच तर मला नको होतं! छुपा खर्च मिस्त्रीनं लपवलाच, पण मीही डोळे मिटून त्याला मदत केली होती.

इथवर पश्चात्ताप स्वस्तात चालला होता. पण परवा म्हातारे मिस्त्री चहाच्या टपरीवर भेटले. मी ओशाळून म्हटलं, "मिस्त्री, तुमचाच आकडा खरा निघाला." ते हसले. "खरं सांगतलं न् काम गेलं, गुरुजी. या वर्साचं ते तिसरं. आता मीबी आधी कमीच सांगन."

हातातला चहा कडू झाला. 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर बत्तीस वर्षं लिहिणाऱ्या माणसानं एका खऱ्या माणसाला खोटं बोलायला शिकवलं होतं. हे कलम कोणत्याच यादीत नव्हतं.

आणि आता कबूल करतो. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी ट्रॉल्या पाहून विचारलं होतं, "किती लागले?" आणि फसलो म्हणायची लाज वाटून मी बोलून गेलो होतो, "एक दहा." म्हणजे म्हाताऱ्यांच्या खऱ्या आकड्याशी भांडायला मीच माझा खोटा आकडा गावात सोडला होता!

टपरीवरून उठलो तो सरळ शेजाऱ्यांकडे गेलो. कॅलेंडरचं ते पान त्यांच्या हाती दिलं. म्हटलं, "कोणालाही काम द्या, पण ही यादी समोर ठेवून एकेक कलम विचारा. काय धरलंय आणि काय नाही, लिहून घ्या. ज्याचा आकडा मोठा वाटेल, त्याला हाकलण्याआधी दोनदा वाचा. आणि आमचे एक दहा नव्हे, एक शहाण्णव लागले."

घरी येऊन हिला हे अभिमानानं सांगितलं. मन हलकं झालं होतं. हिनं शांतपणे ट्रॉली बंद केली आणि म्हणाली, "दोन लाख चार. मिस्त्रीला मी परस्पर आठ हजार दिले होते."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही!"