वाफशाचा दिवस

शास्त्रपाठ : लूक १३:६-९

अंजिराच्या दाखल्यात मळ्याचा धनी तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडण्यास सांगतो, आणि माळी आणखी एक वर्ष मागतो. ते वर्ष स्वस्थ बसण्याकरिता मागितलेले नव्हते. भोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम त्याने आपल्या अंगावर घेतले.

नागपुराकडे ज्यांच्या घराचे अंगण काळ्या मातीचे आहे, त्यांस ह्या माळ्याचे श्रम सहज समजतील. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या खडकाची आहे, तसाच खडक युगानुयुगे झिजून ही माती झाली. १८४५ साली नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी येथील खडकांचा मोठ्या आवडीने अभ्यास केला होता. ही माती कसदार खरी, परंतु हट्टी. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की तिला खोल भेगा पडून मुळे तुटतात. आषाढात तीच फुगून चिकट होते व तुंबलेल्या पाण्याने मुळे कुजतात. नवखा म्हणतो, "येथे काही उगवणार नाही."

जाणता माळी उन्हाळ्यातच खड्डे खणून तापू देतो, शेणखत व कुजलेला पाला घालून भरतो, वाफे उंच बांधतो, आळ्यात पालापाचोळा पसरून ओल राखतो, आणि सीताफळासारखी काटक झाडे लावतो. मुख्य म्हणजे तो वाफशाची वाट पाहतो. ओली माती खणली तर तिची दगडासारखी ढेकळे होतात. वाळलेलीवर कुदळ उसळते. मधले दिवस थोडेच असतात.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या घरी व्यसनापायी दुरावलेला मुलगा असेल, किंवा मंडळीत अबोला धरून बसलेले भाऊ असतील. संतापाच्या भरात केलेला बोध ढेकूळ होऊन राहतो. मन कोरडे झाले असता शब्द उसळून परत येतो. परंतु आजार, शोक किंवा एखादे तान्हे मूल ते मन मऊ करते. तो वाफशाचा दिवस ओळखून त्याच्या दारी जावे. तोपर्यंत प्रार्थनेचे व मायेच्या दोन घासांचे खत घालीत राहावे. त्याच्या भेगा पाहून निराश होऊ नये. पहिला पाऊस भेगांतूनच खोल उतरतो.

आपणांस वाढवून मिळालेले वर्षही असेच आहे. त्या वर्षाअखेर झाडास फळ आले किंवा नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. प्रभू आपणांस कुदळ उचलण्याची सुबुद्धी देवो. आमेन.