नियम पाळला, माणूस गेला

१८९३ च्या मंदीतल्या हिवाळ्यात शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरच्या हल हाउस या वस्तीकेंद्रात एक बेकार कारकून मदत मागायला आला. केंद्राच्या सहसंस्थापक जेन अ‍ॅडम्स यांनी त्याला सांगितलं, की ड्रेनेज कालव्याच्या खोदाईवर काम मिळतं आहे आणि काम उपलब्ध असताना मदत देता येत नाही. त्या काळच्या धर्मादाय संस्थांचा हा सर्वमान्य नियम होता. आपण कायम आत बसून काम केलं, थंडीत उघड्यावर टिकाव लागणार नाही, असं तो म्हणाला. तरी गेला. दोन दिवस खोदकाम केलं, न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात संपला. ही हकिगत अ‍ॅडम्स यांनीच १९१० मध्ये छापून ठेवली. त्याच्या दोन मुलांशी त्यांनी संबंध तुटू दिला नाही, पण ती समोर आली की आपल्या शिकण्याची किंमत या पोरांनी मोजली, हे त्यांना टोचत राहिलं.

नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. अपुरा पैसा खऱ्या गरजूंपर्यंत पोचावा, एवढंच त्यात होतं. पण हा माणूस कोण, त्याची छाती किती धड आहे, हे नियमाला कळत नाही. ते शेजाऱ्याला कळतं. परक्या मुलखात आलेल्या गरीब कुटुंबाला असा शेजारीच नसतो, आणि म्हणून स्थलांतरितांच्या वस्तीतलं केंद्र ही चैन नसून गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

हल हाउस १८८९ मध्ये सुरू झालं ते इटालियन, ग्रीक, बोहेमियन, रशियन ज्यू अशा कुटुंबांच्या गर्दीत. तिथे बालवाडी होती, वर्ग होते, आणि १९०० पासून एक श्रमसंग्रहालय. आईच्या गावंढळ पेहरावाची लाज वाटून एक इटालियन मुलगी तिच्यासोबत मुख्य दारातून येत नसे. त्या संग्रहालयात आई चातीवर सूत काढायची. तिचं कसब बघायला भोवती जमलेली माणसं पाहिल्यावर मुलीची नजर बदलली. या गोष्टीला ‘मदत’ म्हणून कोणत्याही अहवालात जागा मिळणार नाही. पण आईविषयी लाज बाळगणारं पोर संकटात घराला धरून राहत नाही, आणि घर फुटलं की कुठलीही शिधापाकिटं पुरत नाहीत.

आपल्याकडेही हा धागा आला. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं, ते देशभरातून पोटासाठी आलेल्यांच्या वस्तीत. १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा त्याच जागेत सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

२०२० च्या टाळेबंदीत याच शहरात हजारो कुटुंबांचं रेशनकार्ड गावी होतं आणि भूक इथे. गरजवंताला अक्कल नसते असं आपण सहज बोलून जातो आणि योजनाही त्याच समजुतीवर आखतो: आधी पुरावा दे, मग धान्य. त्या दिवसांत वर्षानुवर्षं वस्तीत बसलेल्या संस्थांना पुरावा मागावा लागला नाही. कुठल्या खोलीत बाळंतीण आहे, कोणाच्या मालकाने दोन महिन्यांचा पगार बुडवला, हे तिथल्या ताईला आधीच ठाऊक होतं. अशी ओळख संकटात तयार होत नाही. ती बऱ्या दिवसांत जमवावी लागते, रोज दार उघडं ठेवून.

आणि नेमकं त्यालाच पैसे द्यायला कोणी तयार नसतं. देणगीदार विचारतो, किती पाकिटं वाटली? त्याच २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. जागेचं भाडं याच रकान्यात पडतं. उधळपट्टीला आळा हवाच, पण भाडं थकलं तर दार कुठून उघडणार? हल हाउसची संस्थासुद्धा जानेवारी २०१२ मध्ये पैशाअभावी बंद पडली. तिचं उत्पन्न मुख्यतः सरकारी निधीवर विसंबलेलं होतं आणि स्वतःची गंगाजळी उरली नव्हती.

म्हणून देणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे: दोन खोल्यांचं भाडं आणि दोन माणसांचा पगार द्या, तोही सलग दहा वर्षं. पहिल्या वर्षाच्या अहवालात दाखवण्यासारखं फारसं काही नसेल, हे आधीच धरून चला.