वाळूच्या कणांतील जीव आणि अजाणता घडणारी हिंसा

समुद्रकाठच्या ओल्या वाळूवरून अनवाणी चालणाऱ्यास आपण निर्जीव भूमीवरून चालत आहोत असेच वाटते. वस्तुतः वाळूच्या दोन कणांमध्ये जी पोकळी राहते, तिच्यात पाणी असते व त्या पाण्यात जीवांची वस्ती असते. सूत्रकृमी, चपटे कृमी आणि इतर अनेक जातींचे हे प्राणी बहुधा एक मिलिमीटरहून लहान असतात. एका चौरस मीटर वाळूत त्यांची संख्या दहा लक्षांपर्यंत जाऊ शकते. आपल्या देशातील वाल्टेरच्या किनाऱ्यावरील अशा जीवांचा अभ्यास गणपती व राव यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. वाळूच्या कणांवरील जिवाणूंचा थर सूक्ष्म जबड्यांनी खरवडून खाणाऱ्या कृमींचा एक संपूर्ण वर्ग तर १९५६ साली पेटर आक्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने वर्णन करीपर्यंत जगाला अपरिचितच होता.

येथे अशी शंका उपस्थित होते की, ज्याचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याच्या हिंसेचा दोष कर्त्यास कसा लागावा? आणि लागत असेल, तर मनुष्याने पाऊल तरी कोठे टाकावे?

समाधान असे. कर्माचा परिणाम आणि कर्त्याचा दोष या दोन गोष्टी भिन्न आहेत. पायाखाली जीव चिरडला, तर तो आपल्या अज्ञानामुळे वाचत नाही, परिणाम घडतोच. दोष मात्र दोन गोष्टींवरून ठरतो : कर्त्यास ज्ञान होते काय, आणि ते कर्म टाळता येण्यासारखे होते काय. चालणे हे देहधारणेबरोबर आलेले कर्म आहे. ते सर्वथा टाळता येत नाही. म्हणून तेथे सावधपणा एवढेच कर्तव्य उरते.

वाळू उपसून नेणे हे तसे नव्हे. यांतील कित्येक जीवांच्या अंगी चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. लाट आली की ते कणाला घट्ट धरून राहतात आणि त्यामुळे वाहून जात नाहीत. परंतु तोच कण मालमोटारीत भरला गेला, तर ज्या पकडीने जीव तारला, तीच त्याला कोरड्या ढिगात नेऊन मारते. त्याच्या स्वभावात लाटेला उत्तर आहे, फावड्याला नाही.

कोणी म्हणेल, इतक्या असंख्यांत एकाचे काय मोल? परंतु संख्या मोजणाऱ्यासाठी असते. मरणाऱ्याचा जीव एकच असतो. आपल्या दृष्टीची मर्यादा ही जीवसृष्टीची मर्यादा नव्हे.

आणखी एक गोष्ट विचारवंतांनी ध्यानात घ्यावी. हे जीव पाहण्यासाठी अभ्यासक वाळूवर मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण ओततात. त्याने बधिर होऊन त्यांची पकड सुटते. मग ते धुऊन, गाळून काचेवर घेतले जातात. म्हणजे त्यांच्याविषयी जे ज्ञान आज आपल्यापाशी आहे, त्याचे मोल त्यांच्याच प्राणांनी चुकते झाले आहे. कालपर्यंत आपण अजाण होतो; ते अजाणतेपण क्षम्य होते. आज जाणूनही आपण पूर्ववतच वागलो, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही. तो प्रमाद होय. ज्ञानाने अधिकार वाढतो असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्ञानाने प्रथम वाढते ते उत्तरदायित्व.