झाडे लावणारा पाळक आणि तेल विकणारे गरीब

ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या शिकवणीची थट्टा करण्यासाठी टीकाकारांना फारसे कष्ट घ्यावे लागत नाहीत, कारण ते काम तिचे अतिउत्साही पुरस्कर्ते दर काही वर्षांनी स्वतःच उरकून टाकतात. 2025च्या सप्टेंबरात, ज्यू नववर्षाच्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतील एका उपदेशकाने 23 आणि 24 या तारखा सांगून खरे विश्वासणारे तेव्हा प्रभूला भेटण्यासाठी वर उचलले जातील असे भाकीत केले. ते समाजमाध्यमांवरून जगभर पसरले, कोणी नोकरी सोडल्याचे तर कोणी गाडी विकल्याचे सांगू लागले, आणि 25 तारीख उजाडल्यावर व्हायचे ते हसे झाले. हसण्याला हरकत नाही. हरकत आहे ती त्या हसण्याच्या आडून मांडल्या जाणाऱ्या सिद्धांताला, आणि तो सिद्धांत असा की येणाऱ्याची वाट पाहणे म्हणजे हातातले काम टाकणे होय, त्यामुळे जो काम टाकतो तो खुळा आणि जो टाकत नाही तो ढोंगी.

या दुधारी सिद्धांताचे घराणे मोठे आहे. मराठी विवेकवाद्यांना गुरुस्थानी असलेल्या बर्ट्रंड रसेल यांनी 1927 साली लंडनमधील बॅटर्सी येथे ‘मी ख्रिस्ती का नाही’ या विषयावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी ख्रिस्ताच्या शहाणपणातील पहिला दोष म्हणून हाच मुद्दा घेतला होता. समोर उभ्या असलेल्यांपैकी काहींच्या हयातीतच आपले दुसरे येणे होईल असे ख्रिस्ताला वाटत होते आणि ते चुकीचे ठरले, असे सांगून रसेल यांनी एका पाळकाचा किस्सा जोडला. हा पाळक प्रभूचे येणे अगदी तोंडावर आले आहे असे सांगून मंडळीला भयभीत करत असे, पण तोच आपल्या बागेत झाडे लावताना दिसला तेव्हा मंडळीचा जीव भांड्यात पडला. किस्सा झकास आहे. त्याला लागूनच रसेल यांनी जे म्हटले ते मात्र तेवढे झकास नाही: आरंभीचे ख्रिस्ती लोक ही शिकवण खरी मानत आणि म्हणून ते बागेत झाडे लावण्यासारखी कामे टाळत, असे विधान त्यांनी कसलाही पुरावा न देता केले आहे. प्रत्येक विधानाला पुरावा मागायला शिकवणाऱ्या तत्त्वज्ञाच्या या वाक्यावर त्यांच्या भक्तांनी पुरावा मागितल्याचे सहसा आढळत नाही.

उपलब्ध पुरावा तर उलट दिशेला बोट दाखवतो. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र हे नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक, साधारणतः इ.स. 50च्या आसपासचे, आणि पुनरागमनाची अपेक्षा त्याच्या पानापानांवर आहे. प्रभू येईल तेव्हा आपण जिवंत असू असे पौल त्यात गृहीतच धरतो. त्याच पत्रात, त्याच ओघात, तो मंडळीला शांतपणे राहायला, आपापला व्यवसाय करायला आणि स्वतःच्या हातांनी कष्ट करायला सांगतो. आपण रात्रंदिवस काम करून कोणावर भार टाकला नाही याची आठवणही तो करून देतो. दुसऱ्या पत्रात तर काम न करणाऱ्याने जेवूही नये, इथपर्यंत मजल जाते. तथापि रसेल यांची बाजू पूर्णपणे रिकामी आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण करिंथकरांना लिहिताना हाच पौल काळ थोडा उरला आहे म्हणून अविवाहितांना तसेच राहण्याचा सल्ला देतो आणि विकत घेणाऱ्याने आपल्याजवळ काही नसल्यासारखे वागावे असे म्हणतो. झाडे लावू नका असे त्याने म्हटलेले नाही. लावलेल्या झाडाला आपले म्हणू नका, एवढे मात्र नक्की म्हटले आहे.

या ठिकाणी ख्रिस्ती वक्ते हमखास मार्टिन ल्यूथर यांना मदतीला बोलावतात. उद्या जग बुडणार असे कळले तरी आज आपण सफरचंदाचे रोप लावू, अशा आशयाचे वचन त्यांच्या नावावर सांगितले जाते आणि श्रोते माना डोलावतात. हे वचन ल्यूथर यांच्या लेखनात कुठेही नाही. त्याचा सर्वांत जुना लिखित आढळ 1944 सालच्या जर्मनीतला, म्हणजे ल्यूथर यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चारशे वर्षांचा आहे. खुद्द ल्यूथर शेवटच्या दिवसाची आतुरतेने वाट पाहणारे आणि तो जवळ आला आहे असे मानणारे होते, पण तारीख काढण्याचा छंद त्यांना नव्हता. तो छंद त्यांचा मित्र मायकेल श्टीफेल याला होता. लोखाउ या गावचा हा पाळक उत्तम गणिती होता, बीजगणिताच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. पण बायबलमधील अक्षरांना संख्या देऊन त्याने 19 ऑक्टोबर 1533, सकाळी आठ, अशी जगाच्या अंताची वेळ काढली आणि ल्यूथर यांनी समजावूनही ती जाहीर केली. आठ वाजून गेले, लोक संतापले आणि श्टीफेलला अटक झाली. पुढे ल्यूथर यांच्या मध्यस्थीने त्याला दुसरी मंडळी मिळाली, तेव्हा त्याने भाकिते सोडून गणिताकडे लक्ष दिले आणि 1544 साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. पुनरागमनाच्या शिकवणीने गणिताचे काही भले केले असेल, तर ते असे वाकड्या वाटेने.

अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी-उपदेशकाची कथा अधिक परिचित आहे. दानीएलाच्या पुस्तकातील 2300 दिवस म्हणजे तितकी वर्षे, असे धरून त्याने इ.स.पू. 457 पासून मोजणी केली, आणि त्या चळवळीने अखेर 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस मुक्रर केला. तो दिवसही गेला. मिलरचे अनुयायी पांढरे झगे घालून टेकड्यांवर बसले होते ही आख्यायिका मात्र खुद्द थट्टेखोरांनी रचलेली होती, हे त्यानंतर शंभर वर्षांनी साधार दाखवले गेले. तात्पर्य, पुराव्याविना विश्वास ठेवण्याची सवय एकाच पक्षाची नव्हे.

तारीख सांगणारा आणि तारखेवर हसणारा, हे दोघे एका गोष्टीवर मनोमन सहमत असतात: सिद्धता ही माहितीवर अवलंबून असते. कधी ते कळले तर तयारी करता येईल, कळत नसेल तर तयारीला अर्थ नाही. या समान गृहीतकावर सर्वांत नेमका घाव घातला तो उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी, आणि आजच्या वादात त्यांचे नाव घेतले जात नाही ही खेदाची बाब आहे. इ.स. 410 मध्ये रोम लुटले गेल्यानंतरच्या अस्वस्थ दशकात डाल्मेशियातील सलोना नगरचे बिशप हेसिकियस यांनी ऑगस्टीन यांच्याशी पत्रव्यवहार केला. जगाचा अंत जवळ आल्याची चिन्हे दिसत आहेत, आणि दिवस व घटका माहीत नसली तरी काळ ओळखता येतो, असे हेसिकियस यांचे म्हणणे होते. ऑगस्टीन यांनी दिलेले दीर्घ उत्तर त्यांच्या पत्रसंग्रहात 199 क्रमांकाचे आहे. युद्धे, दुष्काळ आणि भूकंप कोणत्या काळात नव्हते, असा प्रश्न ते विचारतात. सर्व राष्ट्रांना सुवार्ता पोहोचल्याशिवाय अंत नाही असे वचन असेल, तर इथे आफ्रिकेतच अशा जमाती आहेत ज्यांनी ती अजून ऐकलेली नाही, हेही दाखवून देतात. तारीखवाल्याला त्याच्याच शास्त्राने निरुत्तर करण्याचा हा नमुना आजही जसाच्या तसा वापरता येईल.

पत्राचा गाभा मात्र शेवटाकडे आहे. ऑगस्टीन तीन सेवकांची कल्पना करतात. पहिला म्हणतो, धनी लवकरच येणार आहे म्हणून जागे राहू. दुसरा म्हणतो, धनी उशिरा येईल, तरी आपले आयुष्य थोडे आणि बेभरवशाचे आहे म्हणून जागे राहू. तिसरा म्हणतो, आयुष्य बेभरवशाचे आहे आणि धनी कधी येईल हेही ठाऊक नाही म्हणून जागे राहू. जागे राहणे तिघांचेही सारखेच आहे, फरक आहे तो चूक निघाल्यावरच्या परिणामात. पहिल्याचे बोलणे कानाला सर्वांत गोड, पण धनी लवकर आला नाही तर ऐकणाऱ्यांना तो येणारच नाही असे वाटू लागेल, आणि ही इजा भरून येणारी नव्हे. दुसरा चुकला तर त्याला अकल्पित आनंद होईल, एवढेच. तिसऱ्याला चुकण्याची जागाच नाही. तो एकाची आशा धरतो आणि दुसऱ्याला सहनशीलतेने सामोरा जातो. धन्याच्या येण्यावर प्रेम करणारा कोण, तर ते जवळ आहे म्हणणारा नव्हे आणि दूर आहे म्हणणाराही नव्हे. ते जवळ असो की दूर, विश्वासाने, आशेने आणि प्रीतीने जो वाट पाहतो तो. सिद्धतेचा कालगणनेशी असलेला संबंध इथे मुळातूनच तुटतो, आणि रसेल यांचा बागेतला पाळक, वेडेपणा आणि ढोंग या दोन्ही आरोपांतून, निदान झाडांपुरता, सुटतो.

विवेचन इथेच थांबवणे सोयीचे झाले असते. पण तिसऱ्या सेवकाकडे पुन्हा पाहिले की त्याची निर्दोषता खटकू लागते. कधीही चुकू न शकणारी भूमिका ही तर्काच्या दृष्टीने सुरक्षित असते, परंतु अपेक्षा ही सुरक्षित गोष्ट नव्हे. जिला निराश होण्याची शक्यताच नाही ती अपेक्षा कसली? प्रकटीकरणाच्या पुस्तकातील हजार वर्षांचे राज्य पृथ्वीवर अक्षरशः येणार हे मत ऑगस्टीन यांनीही पूर्वी धरले होते. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात ते त्यांनी सोडले आणि ही हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळच होय असे प्रतिपादले. परिणामी ज्याची वाट पाहायची त्यातले बरेचसे आधीच आलेले ठरले. साम्राज्याच्या आश्रयाला गेलेल्या मंडळीला हे फार मानवले. ‘केव्हा ते माहीत नाही’ या कबुलीचा व्यवहारातील अर्थ हळूहळू ‘इतक्यात तरी नाही’ असा झाला, आणि श्रद्धेच्या जाहीरनाम्यात जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल हे दर रविवारी म्हणणारे ओठ आणि त्या वाक्याने न दचकणारे मन यांची सुखाने सोबत सुरू झाली. तारीखवाले दर शतकात उगवतात ते या थंडपणाच्या प्रतिक्रियेतून. त्यांचे गणित चुकते, पण त्यांची तक्रार चुकीची नसते.

हा थंडपणा विद्वत्तेच्या क्षेत्रात मोडून काढला तो धर्मशास्त्रज्ञ अल्बर्ट श्वाइट्झर यांनी. येशूच्या चरित्राच्या शोधाचा इतिहास सांगणाऱ्या 1906 सालच्या ग्रंथात त्यांनी दाखवले की युगान्त जवळ आल्याची जाणीव हा येशूच्या शिकवणीवरचा लेप नसून तिचा कणा आहे, आणि काळाबाबतची ती अपेक्षा पुरी झाली नाही. म्हणजे रसेल यांचा आक्षेप एकवीस वर्षे आधी, अधिक अभ्यासाने आणि आतल्या माणसाने मांडला होता. त्यावरून रसेल धर्माच्या बाहेर पडण्याचे एक कारण काढतात. श्वाइट्झर वैद्यकाचे शिक्षण घेतात आणि 1913 साली आजच्या गॅबनमधील लांबारेने येथे रुग्णालय काढायला जातात. एकाच निदानातून इतके भिन्न आचरण निघत असेल, तर अंताच्या अपेक्षेने माणूस जगाला पाठमोरा होतो हा नियम म्हणून टिकत नाही. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 साली प्रार्थनेची आणि पश्चात्तापाची मोठी जागृती झाली. जगभरातील अशा जागृतींमध्ये प्रभूच्या लवकर येण्याची आस तीव्र असे, आणि अंताच्या नादी लागून संसार मोडल्याचे दाखले शोधणाऱ्याला केडगावकडे आशेने पाहावेसे वाटेल. तिथे मात्र दुष्काळात वाचवून आणलेल्या मुली होत्या, शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला वाहून घेतलेल्या रमाबाई होत्या.

तेव्हा सिद्धता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे नेतो, आणि तिथला दहा कुमारींचा दृष्टांत वाटतो तितका सोपा नाही. वराला यायला उशीर झाला तेव्हा मूर्ख कुमारी झोपल्या आणि शहाण्या जाग्या राहिल्या, असे पुष्कळांना आठवते. प्रत्यक्षात दहाही झोपल्या. फरक जागरणाचा नसून तेलाचा आहे. हे तेल कोणते, यावर पुढील पिढ्यांनी आपापली मते ओतली: प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी विश्वास म्हटले, ऑगस्टीन यांनी प्रीती म्हटले. पण शहाण्या कुमारी तेल वाटून घ्यायला नकार देतात आणि विकणाऱ्यांकडे जा म्हणतात, ही अडचण दोन्ही अर्थांत उरतेच, कारण वाटायला नकार देणारी प्रीती ही चमत्कारिक वस्तू आहे. अंत्युखियातील उपदेशक योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस या अडचणीला जे उत्तर दिले, त्याला तोड नाही. तेल म्हणजे गरजवंताला दिलेले दान आणि दाखवलेली दया, आणि ते विकणारे कोण, तर गरीब. ते तेल मिळण्याचे दुकान दाराशीच होते, फक्त मध्यरात्री ते उघडे सापडत नाही, कारण मरणानंतर दान देता येत नाही. शहाण्या कुमारी कंजूष नाहीत. एकाने केलेली दया दुसऱ्याच्या दिव्यात ओतता येत नाही, इतकेच.

याच अध्यायाच्या शेवटी मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, आणि तिथे ख्रिसोस्तोम यांचे म्हणणे पक्के होता होता एका नव्या पेचात सापडते. उजवीकडच्यांनी भुकेल्याला जेवू घातले, उघड्याला वस्त्र दिले, बंदिवानाला भेट दिली. पण हे सारे आपण राजाला केले हे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि तसे सांगितल्यावर ते चकित होऊन केव्हा असे विचारतात. ज्यांची सिद्धता मान्य झाली त्यांना आपण सिद्ध होतो याचा पत्ताच नव्हता. आपल्या दिव्यातले तेल रोज मोजणारा, अगदी ऑगस्टीन यांचा तिसरा सेवकसुद्धा, या कसोटीवर अडखळतो, आणि उचलले जाण्याच्या आशेने गाडी विकणारा तर त्याच्याही आधी, कारण गाडीच्या पैशाचे कोणी काय केले हा प्रश्न सप्टेंबरातल्या त्या सगळ्या गदारोळात क्वचितच ऐकू आला. कॅथलिक उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातील ‘अ’ वर्षाच्या अखेरीस हे तिन्ही उतारे, कुमारी, रुपयांचा दृष्टांत आणि शेवटचा न्याय, लागोपाठच्या तीन रविवारी वाचले जातात. पहिल्या रविवारी जागे राहा म्हणून बजावणारा उपदेशक तिसऱ्या रविवारी, नकळत तयार झालेल्या त्या चकित माणसांविषयी, काय बोलतो हे ऐकण्यासारखे असते. बहुतेक जण त्या दिवशी राजाच्या वैभवावर बोलतात.